मधोमध पृथ्वी ठेवणारी वहिनी

दादाचा फोन आला तेव्हा मी गुरुग्रामच्या ऑफिसात लिफ्टची वाट बघत उभा होतो. "वहिनी गेली रे तुझी," एवढंच तो म्हणाला. आजारी होती, अपेक्षित होतं, सगळं खरं... तरी मेट्रोतून नोएडाला जाताना मला सारखं वाटत होतं, आता पोचल्यावर ती दार उघडेल आणि म्हणेल, "भावोजी, उशीर केलात, पोहे गार झाले." याला आता दीड-दोन महिने झाले. आज जरा शांतपणे लिहिता येईल असं वाटतंय.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी नोकरी शोधायला दिल्लीत आलो, तो थेट दादा-वहिनीच्या घरी. दादा मंत्रालयात नोकरीला, सरोजिनी नगरला दोन खोल्यांचं सरकारी क्वार्टर. वहिनी सांगलीची, फिजिक्समध्ये एमएस्सी झालेली. उन्हाळ्यात जेवणं झाली की आम्ही अंगणात खाटा टाकायचो, आणि वहिनीची शिकवणी सुरू व्हायची. "भावोजी, शाळेत शिकलेलं आधी सगळं विसरा. खाट हलतेय का? नाही ना? मग पृथ्वी स्थिर आहे असं धरा आणि वर बघा." मी हसलो की ती रागवायची. "हसू नका. शहाण्यासुरत्या माणसांनी शेकडो वर्षं असंच धरलं होतं, आणि तरी ग्रहणं बरोबर सांगितली होती. ती कशी, ते विचारा की!" तिचं म्हणणं असं की माणसाला जे दिसतं त्यापासून सुरुवात करावी. सूर्य उगवतो, मावळतो, तारे फिरतात, हे आपण डोळ्यांनी बघतो. ते खोटं ठरवायचं तर आधी ते नीट बघितलेलं तरी हवं.

पुढे दादाने नोएडात फ्लॅट घेतला. सेक्टरला नंबर होता, रस्त्याला दिवे नव्हते. सगळीकडे अर्धवट इमारती, बांबूच्या परांच्या, आणि संध्याकाळी हमखास जाणारी वीज. शेजारीपाजारी वैतागायचे आणि वहिनी खुशीत गच्चीवर जायची. तिथल्याच एका नव्या खासगी शाळेत तिला नोकरी लागली. कॉम्प्युटर लॅबची जाहिरात करणारी, चकचकीत शाळा. सातवीच्या मुलांना तिने एक काम दिलं : रोज जेवणानंतर गच्चीवर जाऊन मंगळ कुठल्या ताऱ्यांजवळ आहे ते बघायचं आणि सकाळी वर्गातल्या काळ्या कागदावर खडूने टिंब द्यायचं. काही आठवडे टिंबं शहाण्यासारखी पूर्वेकडे सरकत गेली. मग ती एका जागी घुटमळली आणि चक्क उलटी फिरली. पंचांगात ज्याला मंगळ वक्री झाला म्हणतात, तेच हे. मुलं चक्रावली. वहिनी म्हणाली, पृथ्वी मधोमध स्थिर आहे असं धरून हे समजावून दाखवा. सूर्य मध्ये आणायचा नाही!

इथे घोळ झाला. एका मुलीचे वडील, मोठ्या कंपनीत इंजिनियर, तावातावाने शाळेत आले. "इक्कीसवीं सदी आनेवाली है और आप बच्चों को सिखा रही हैं कि सूरज धरती के चक्कर लगाता है?" आणखी काही पालक त्यांना सामील झाले. प्रिन्सिपॉल मॅडमनी वहिनीला लेखी माफी मागायला सांगितलं. त्या संध्याकाळी दादा तिला समजावत होता, "दोन ओळी लिहून दे आणि मोकळी हो." वहिनी कणीक मळत होती. हात न थांबवता म्हणाली, "चुकले असते तर चार ओळी लिहिल्या असत्या. माझं चुकलेलं नाही." नोकरी जाईल हे तिला कळत होतं. परातीत टिपं पडत होती, पण ती बधली नाही.

तिने एवढंच मागून घेतलं की पालकांनी शनिवारी मैदानावर यावं. मीही गेलो होतो. तिने त्या इंजिनियर साहेबांच्याच मुलीला मधोमध उभं केलं, ती पृथ्वी. प्रिन्सिपॉल मॅडमना म्हणाली, "मॅडम, आप इसके चारों ओर बड़ा चक्कर लगाइए, धीरे-धीरे." आणि त्या साहेबांना म्हणाली, "आप मंगल हैं. आप मॅडम के चारों ओर छोटा चक्कर लगाइए, ज़रा तेज़." साहेब अवघडले, पण मुलगी बघत होती, करतात काय! निघाले. मोठ्या वर्तुळावर मॅडम, त्यांच्याभोवती छोट्या वर्तुळात साहेब. बाहेरच्या बाजूने ते झपाझप पुढे जात, आणि आतल्या, मुलीजवळच्या बाजूला आले की... "पापा, आप तो पीछे जा रहे हो!" मुलगी ओरडली. मैदान हसलं. वहिनी म्हणाली, "और पास भी आ गए ना? इसीलिए उन दिनों मंगल ज़्यादा चमकता है."

मग तिने सूर्य मध्ये आणला. दुसऱ्या एका मुलीला तिथे उभं करून पृथ्वीला आतल्या वर्तुळावर चालवलं, मंगळाला बाहेरच्या, जरा हळू. पृथ्वीने मंगळाला ओलांडलं तसा तो मागे पडताना दिसला. छोट्या वर्तुळाची गरजच उरली नाही. साहेब घाम पुसत म्हणाले, "तो सीधे यही क्यों नहीं पढ़ातीं?" वहिनी म्हणाली, "बता देती तो रट लेते. अब समझेंगे." जाताना साहेबांनी हात जोडले.

माफीचा विषय पुन्हा निघाला नाही. नोकरी मात्र वर्ष संपल्यावर गेलीच, "ॲडजस्टमेंट" या नावाखाली. मग वहिनी दिल्लीतल्या एका जुन्या शाळेत लागली आणि निवृत्तीपर्यंत बसने जात राहिली. मंगळ वक्री होणार असला की सातवीला काळा कागद लागायचाच.

शेवटच्या आजारात ती अंथरुणाला खिळली. दादा औषधं, चहा, उशा करत तिच्याभोवती फिरायचा. मला म्हणाली, "बघा भावोजी, झाले की नाही मी स्थिर?" हसताना तिला धाप लागली होती.

परवा दादाकडे गेलो होतो. संध्याकाळी दादा आणि मी बाल्कनीत बसलो. समोर आता दोन टॉवर उभे आहेत, मधे आकाशाची एक उभी पट्टी उरली आहे. बोलता बोलता एका टॉवरच्या कडेने चंद्र निघाला. दादाने बघितलं आणि सवयीने आतल्या खोलीकडे तोंड करून हाक मारली, "अगं, चंद्र वर आला!"

मग आम्ही दोघंही चंद्राकडे बघत बसलो, तो दुसऱ्या टॉवरमागे जाईपर्यंत.