प्रश्नचिन्हाचा पत्ता

दर दोन आठवड्यांनी आमची सॉफ्टवेअर टीम पुढच्या कामांचं नियोजन करते. कुठल्या कामाला किती वेळ लागेल, हे प्रत्येकाने आकड्याचा पत्ता वर धरून सांगायचं. त्या पत्त्यांत एक प्रश्नचिन्हाचाही असतो. त्याचा अर्थ: "मला सांगता येत नाही." तो सहसा कुणी उचलत नाही. आम्ही सगळे हुशार ना!

आज सुरुवातीलाच आमच्या टीम लीडने, वैशालीने, नेहमीप्रमाणे विचारलं, "कुणाची सुट्टी आहे का?" मिलिंदचे वडील आयसीयूत आहेत, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्याने तोच प्रश्नचिन्हाचा पत्ता वर धरला. वैशालीने फळ्यावर त्याचं नाव लिहिलं आणि पुढची दिवसांची जागा कोरी सोडली. "तू जा मिलिंद, आम्ही बघतो," एवढंच म्हणाली.

दुपारी डबा खाता खाता मी कामाच्या नियोजनावरच्या सर्टिफिकेशनच्या परीक्षेचे सराव प्रश्न सोडवत होतो. एक प्रश्न आला: सहकारी किती वेळ देऊ शकेल हे माहीत नसेल, तर तुम्ही काय कराल? खाली चार पर्याय होते. मी चारही पुन्हा पुन्हा वाचले.

समोर फळ्यावर मिलिंदच्या नावापुढची जागा अजून कोरीच होती. तो पर्याय चारांत नव्हता.