गारगोटीची फुलपाखरं आणि रोखलेला श्वास

जायचं माझ्या नवऱ्याने, विनयने, ठरवलं, मी नाही. एप्रिलमध्ये त्याची बायपास झाली होती. सप्टेंबरच्या तपासणीत डॉक्टर म्हणाले, "आता प्रवास करायला हरकत नाही," आणि दवाखान्याचा जिना उतरतानाच त्याने मला विचारलं, "शालनकडे जाऊ या?"

शालन कांबळे ही माझी पुण्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमधली मैत्रीण. नोकरी सोडून ती गारगोटीला माहेरच्या जागेत राहायला गेली आणि घरामागे तिने बाग केली. झेंडू, झिनिया, जास्वंद, लिंबू, कढीपत्ता, आणि कुंपणाला मुद्दाम राखलेली घाणेरी. पाऊस सरला की त्या बागेत फुलपाखरांची झुंबड उडते, हे ती दरवर्षी फोनवर सांगायची. विनयने आजारपणाच्या आदल्याच दिवाळीत डिजिटल कॅमेरा आणि जवळून फोटो काढायची लेन्स घेतली होती. सहा महिने ती कपाटात पडून होती.

स्वारगेटहून सकाळची कोल्हापूरची एसटी पकडली. वाटेत साताऱ्याच्या पुढे चहाला थांबलो तेवढंच. विनय खिडकीशी डोळे मिटून बसला की मी त्याच्या शर्टाच्या बटणांकडे बघायचे, वरखाली होताहेत ना. कोल्हापूर स्टँडवर उतरून आधी मिसळ खायची हा आमचा जुना शिरस्ता. या वेळी त्याच्यासमोर इडली ठेवली आणि मीही इडलीच खाल्ली. तिथून गारगोटीची गाडी दीड-दोन तास घेते. मुदाळ तिट्ट्यापर्यंत रस्ता बरा, पुढे खड्डे. प्रत्येक खड्ड्याला माझा हात त्याच्या दंडावर जायचा. शेवटी तो म्हणाला, "मंगल, गाडी हलतेय, मी नाही."

शालन दारातच उभी होती. "दाजी, निम्मं झालासा की वो," ती म्हणाली. घरी आलेले सगळे 'तब्येत छान दिसतेय' म्हणायचे. खरं ऐकून मला उलट बरं वाटलं.

कोणी असे फोटो काढायला जाणार असाल तर सकाळी लवकर उठा. दव असेपर्यंत फुलपाखरांचे पंख जड असतात, ती उडत नाहीत, पंख पसरून ऊन खात बसतात. विनयला स्टँड लावून फोटो काढणं जमत नाही; स्टँड लागेपर्यंत ती थांबतात कुठे? तो उकिडवा बसतो, कोपरं पोटाशी आवळतो, अर्धा श्वास सोडतो, उरलेला रोखतो आणि मग बटण दाबतो. इतक्या जवळून जरा हात हलला तरी सगळं पुसट येतं.

हे मला माहीत होतं, पण त्या सकाळी मागच्या पायरीवर बसून ते बघणं वेगळं होतं. झिनियावर काळं-निळं, तळहाताएवढं फुलपाखरू बसलं होतं. विनयची पाठ हलायची थांबली. मीही श्वास घ्यायची थांबले. बटणाचा आवाज आला, पाठ हलली. पुन्हा थांबली. असं किती वेळ चाललं कोण जाणे. शालनने मला हाताला धरून उठवलं. "तू बघत बसलीस म्हणून त्येंचं काळीज चालतंय व्हय? चल, भाकरी थापू लाग."

दोन भाकऱ्या झाल्या असतील. बाहेर आले तर झिनियाजवळ कोणी नव्हतं. हाक मारली, उत्तर नाही. घाणेरीच्या मागे तो पालथा पडला होता, कॅमेऱ्याचा पट्टा मनगटात अडकलेला. मी त्याला उताणं केलं. डोळे उघडे होते, चेहरा पांढराफटक आणि घामाने भिजलेला. "उठता येईना," एवढंच तो म्हणाला.

त्यानंतरचं मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. शालनने शेजाऱ्याला मारलेली हाक. त्याचा दुधाचा टेम्पो, कॅन बाजूला सारून घातलेली सतरंजी. "वैनी, घाबरू नगासा, दवाखाना हितंच हाय," तो सारखा म्हणत होता. माझं बोट विनयच्या मनगटावर होतं, पण थरथरणारी नाडी त्याची की माझंच बोट, ते कळत नव्हतं. नागपंचमीच्या बाजारात हरवलेल्या पोरासारखी मी शालनचा पदर धरून बसले होते.

दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरांनी ईसीजी काढला, जुने कागद मागवले, दोन्ही शेजारी ठेवून बघितले. ते बोलेपर्यंत भिंतीवरच्या लसीकरणाच्या तक्त्यातली अक्षरं मी वाचत राहिले, एकही शब्द डोक्यात गेला नाही.

"हृदयात नवीन काही नाही," ते म्हणाले. "रक्तदाबाच्या गोळ्या, रिकामं पोट, इतका वेळ उकिडवं बसणं आणि एकदम उठणं. दाब पार खाली गेला. सलाईन लावतो, संध्याकाळी घरी जा. पुण्याच्या डॉक्टरांना मात्र दाखवा."

मी बाहेर जाऊन रडले. शालनने रडू दिलं.

संध्याकाळी विनयने कॅमेरा पिशवीत घातला. "आता बास," तो म्हणाला. मला हवं तेच तो म्हणत होता. मग तो खाली बघत बोलू लागला. "ऑपरेशनपासून मला दिवसभर माझे ठोके ऐकू येतात. जेवताना, तू बोलत असताना, टीव्ही लावला तरी. पुढचा पडेल ना, याची वाट बघत असतो. आज सकाळी ते फुलपाखरू समोर होतं तेवढा वेळ ऐकू आले नाहीत."

सहा महिने आम्ही एका घरात दोघं वेगवेगळे घाबरत होतो.

दुसऱ्या दिवशी तो खाटेवरून उठेना. शालनने आधी त्याला भाकरी खायला लावली, मग बागेत लाकडी स्टूल नेऊन ठेवलं. "दाजी, बसून काडा फोटू. उठायचं तवा मंगलला सांगायचं. फुलपाखरं काय तुमच्यासाटनं थांबत न्हाईत."

तो बसला. मी मागे उभी राहून त्याच्या खांद्यावर हात ठेवला. झेंडूवर एक नारिंगी फुलपाखरू आलं. त्याने श्वास रोखला. मला ओरडून 'नको' म्हणायचं होतं. म्हणाले नाही. बटण दाबून त्याने पडद्यावर फोटो बघितला.

"हललाय. तुझा हात थरथरतोय."

मी हात काढला आणि दोन पावलं मागे सरकले. माझ्यासाठी त्या प्रवासातलं सगळ्यात लांबचं अंतर तेच.

परतताना कोल्हापुरात भडंग घेतलं, रंकाळ्यावर जायचं राहिलं. पुण्याच्या डॉक्टरांनी गोळ्या कमी केल्या. फोटोंपैकी चारच चांगले आलेत, ते या लेखाखाली लावलेत. भीती गेली का, असं कोणी विचारलं तर नाही. विनयला ठोके अजून ऐकू येतात. फरक एवढाच की आता तो मला तसं सांगतो आणि मीही घाबरले की लपवत नाही.

गेल्या रविवारी तो पहिल्यांदा एकटा, नाश्ता करून, टेकडीवर गेला. अकराला येतो म्हणाला होता. साडेअकराला फोन वाजला तेव्हा माझ्या हातून वाटी पडली.

"मंगल, इथे घाणेरीवर खूप आलीत. उशीर झाला तर चालेल?"

मी वाटी उचलून ओट्यावर ठेवली.

"चालेल," मी म्हणाले. "उठताना सावकाश ऊठ."