दाण्यांवर चालणारं यंत्र

मी बालाघाटला मुलींच्या शाळेत गणित शिकवायचे, तेव्हाची ही गोष्ट. आई गेल्यावर बाबा कटंगीची शेती भावाकडे सोपवून माझ्याजवळ राहायला आले होते. माझं लग्न झालेलं नव्हतं, त्यामुळे घरात आम्ही दोघंच. मी नागपूरला संशोधनासाठी अर्ज केला, तर तिथल्या सरांनी आंतरदेशीय पत्रात एक इवलंसं यंत्र लिहून पाठवलं. लोखंडाचं नव्हे, नुसत्या नियमांचं. आखलेल्या घरांच्या रांगेवर एकेक घर सरकायचं, कुठे खूण करायची, कुठून परतायचं, कधी थांबायचं, एवढंच. हे कधीच थांबत नाही असं सिद्ध करा, मग या, असं सरांनी लिहिलं होतं.

मी मधल्या खोलीत खडूनं घरं आखली आणि खुणांसाठी धानाचे दाणे घेतले. यंत्र एक घर सोडून एक दाणा, अशी रांग वाढवत जाई. उजव्या टोकाला एक दाणा ठेवून परते, मग डाव्या टोकाला एक. मधल्या, सोडलेल्या घरात दाणा सापडला तरच त्यानं थांबायचं. शाळेतून आले की मी गुडघ्यांवर रांगत ते चालवायचे. खरं तर सिद्धता शोधायची सोडून मी नुसती पावलं मोजत होते. माझ्या डोक्याची कमालच म्हणायची.

आठव्या दिवशी यंत्र थांबलं. सोडलेल्या एका घरात दाणा होता. इतक्या पावलांत माझाच हात कुठेतरी चुकला, हे उघड होतं. एवढंही नीट जमत नाही तर नागपूरला कोणत्या तोंडानं जायचं, म्हणून मी खूप रडले आणि सरांना नकाराचं पत्र लिहून ठेवलं.

तिसऱ्या दिवशी मी ते टाकायला निघाले, तेव्हा बाबा दारात उभे राहिले.

"तो दाणा म्या ठेवला, बाई. धानाच्या रोवण्यात मंधात जागा सुटली दिसली, त हात आपोआप जाते. मले वाटलं, तुयी नजर चुकली."

"मंग तीन दिवस काहून बोलले नाही?"

"तू जात नाही म्हनलं, त बरं वाटलं मले." मग म्हणाले, "पन तू रडून राह्यली."

मला राग यायला हवा होता, पण मायाच दाटून आली. मी तशीच आत जाऊन रांगेसमोर बसले. बाहेरच्या हाताशिवाय त्या घरात दाणा येऊच शकत नव्हता. यंत्र दाणा ठेवतं ते एकाआड एक अशा घरांत, आणि थांबायचा नियम लागतो तो फक्त उरलेल्या घरांत. सिद्धता अर्ध्या पानात संपली.

"पोळ्या येत नाही मले," बाबा स्वयंपाकघरातून म्हणाले, "पन भात रांधता येते. तू जाय."

मी गेले. ते गप्प राहिले असते तर मला कधीच कळलं नसतं, आणि हे त्यांनाही ठाऊक होतं.