डोहाळजेवणाचा चुडा
इथे परदेशात, ओक ट्री रोडवरच्या देशी दुकानात हिरव्या काचेच्या बांगड्या किणकिणल्या की मला श्रूजबरीतल्या आमच्या जुन्या घरातली ती दुपार आठवते. माझा संधिवात कॉलेजपासूनचा, शरीर स्वतःच्याच सांध्यांवर उलटतं तो. पण लेक पोटात आली आणि बोटांची सूज उतरली. डोहाळजेवणाला शेजारच्या काकूंनी चुडा सहज चढवला. डॉक्टर म्हणाल्या होत्या, “हे प्रेग्नन्सीच्या हॉर्मोन्समुळे आहे, डिलिव्हरीनंतर परत दुखेल.” मी हसण्यावारी नेलं. लेक दोन महिन्यांची झाली, आई भारतात परतली, नवरा ऑफिसला जायला लागला, आणि मनगटं अशी सुजली की बांगड्या रुतायला लागल्या. साबण लावला, तेल लावलं, एकही निघेना. फोनवर आई म्हणाली, “वाढव गं आता, दुसरं काय करणार!” टॉवेल गुंडाळून लाटण्याने एकेक वाढवली. किणकिण थांबली तशी क्रिबमध्ये लेक रडायला लागली, आणि तिला उचलायला माझे हात उठेनात. आता लेक मोठी झाली, दूर राहते. कॉलेजनंतर माझे हात दुखले नाहीत ते ती पोटात होती तेवढेच महिने. या देशात एकटं वाटलं नाही, तेही तेवढेच.