भाटकारासमोर उचललेली खुर्ची

"ती खुर्ची उचलून दाखव," डॉक्टर म्हणाले.

गावच्या शाळेत अपंगांची पेन्शनसाठी तपासणी होती. गोवा राज्य होऊन दोन-तीन वर्षं झालेली. खाणीवर ट्रकाचा फाळका पडून माझा उजवा हात चेचला होता. दोनच बोटं वळायची. डॉक्टरांच्या शेजारी आमचा भाटकार पाय पसरून बसलेला. आमचं घर त्याच्याच जमिनीत. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. भाटकाराला बोलावणं लागत नाही.

"हिची आवय आमच्या बागेत काजू वेचताली," तो म्हणाला. "हिका काय जाला? काम नाका, दुसरा काय नाय."

रांगेतले हसले. माझं डोकं फिरलं. त्याच दोन बोटांनी मी खुर्ची उचलली. कळ मस्तकात गेली, तोंडावर दिसू दिली नाही. डॉक्टरांनी लिहिलं, 'हलकी कामे करू शकते.' पेन्शन मिळाली, सगळ्यांत खालची. वर मी बायकांत मिरवले, भाटकाराची जिरवली म्हणून. जिरली माझीच.

सहा वर्षांनी डावा हातही बधिर व्हायला लागला. तपेलं निसटलं, उकळती पेज पायावर सांडली. सरकारला कळवायचं की गप्प बसायचं? वहिनी म्हणाली, "गप रव गो. फायल उघडली तर आसा ता पण जायत."

चार महिने गप्प राहिले. भीती खरी होती, चूल त्या पेन्शनवरच पेटायची. शिवाय लाज. आता कळवायचं म्हणजे तेव्हा खोटं वागले हे कबूल करायचं.

मग वेणी घालता येईना. वहिनीपुढे मान खाली घालून बसले आणि स्वतःचीच चीड आली. लोक काही मिळावं म्हणून खोटं सांगतात. मी त्या एका माणसापुढे ताठ दिसावं म्हणून माझं दुखणं खोटं पाडलं. तीही त्याची चाकरीच झाली.

डिचोलीच्या कचेरीत गेले. कारकून म्हणाला, "बाई, फेरतपासणीत पेन्शन बंदही होऊ शकते."

"जांव दी," मी म्हटलं. "दोनय हात गेले म्हणून लिव. आनी खुर्ची मी रागान उचललली, ता पण लिव."

त्यानं लिहिलं. मी अंगठा उठवला नाही, वेडीवाकडी सही केली.

परवा तपासणी आहे, गावच्या शाळेतच. भाटकार येऊन बसणारच. डॉक्टरांना आधी सांगणार, ह्याला बाहेर काढा. घराखालची जमीन त्याची असेल, हात माझे आहेत. तो दाराबाहेर जाईपर्यंत मी ते टेबलावर ठेवणार नाही.