फोटोसाठी वेणी

मुलांच्या वॉर्डात माझ्या लेकीशेजारच्या खाटेवर सात वर्षांची गौरी होती. दोघींचं मूत्रपिंडाचं दुखणं जन्मापासूनचं, ऑपरेशन तेच, डॉक्टरही तेच. फक्त आमचा विमा माझ्या ऑफिसचा आणि गौरीचं सगळं सरकारी योजनेतून. आमची मंजुरी दाखल झालो त्याच संध्याकाळी आली. गौरीच्या मंजुरीसाठी मात्र तिचा खाटेवरचा फोटो पाठवावा लागे, आणि मोबाइल समोर आला की ती पोर छान हसायची.

"हसू नको गं बाळा," योजनेचा माणूस अवघडून म्हणाला. "मागचा फोटो परत आलाय. आजारी दिसायला हवीस."

सकाळी घातलेली वेणी तिच्या आईनं स्वतःच्या हातानं सोडली. मला संताप आला, पण तो काढायचा कुणावर? माझ्या लेकीला आजारी दिसायला कुणीच सांगितलं नव्हतं. तिचं दुखणं न बघताच खरं मानलं गेलं होतं.

ऑपरेशन होऊन आम्ही घरी निघालो तेव्हाही गौरीची मंजुरी आलेली नव्हती. लेकीनं तिच्याबरोबर फोटोचा हट्ट धरला. मी मोबाइल वर केला. लेक हसली. गौरीनं वेणी सोडली आणि चेहरा पाडला.