चौथ्या झऱ्याचं पाणी

पाण्याचा पेला हातात घेतला की ते प्रकरण मला आजही आठवतं, आणि पिण्याआधी मी पेल्याचा वास घेतो. बायको हसते. हसू दे. ही सवय मला एका आरोपीने लावली, म्हणजे जिला मी आरोपी समजून बसलो होतो तिने. नावं कुणाचीच सांगत नाही. ती माणसं अजून तिथेच राहतात.

माझी शेवटची नेमणूक मालवणच्या किनारपट्टीवरच्या एका ठाण्यात होती. पाऊस सरून महिना झाला होता, पर्यटक यायला लागले होते. सकाळची हजेरी चालू असताना फोन आला. एका घरच्या विहिरीत विष टाकलंय, शेजारची बाई पहाटे टाकताना दिसली, एवढं सांगून पलीकडच्याने नाव न देता फोन ठेवला. तासाभरात विहिरीचा मालक लेखी अर्ज घेऊन हजर. आवाज ओळखायला मला फार कष्ट पडले नाहीत.

हा गृहस्थ मुंबईची नोकरी संपवून गावी परतलेला. घराच्या दोन खोल्या पाहुण्यांना द्यायचा. विहिरीचं पाणी आठवडाभरात कडक चहासारखं झालं, कुजका वास मारू लागला, दोन पाहुणे उलट्या करून निघून गेले. संशय चुलत वहिनीवर. ती विधवा, साठी ओलांडलेली, शेजारच्या घरात एकटी राहायची. विहीर दोन्ही घरांची, पण कुंपणाच्या भिंतीवरून वर्षभर अबोला. याने तिचा दोर विहिरीवरून काढून टाकला होता आणि जाळीला कुलूप घातलं होतं. तिकडे ज्या घराचा दोर उतरला त्या घराचा हक्कच उतरला असं समजतात. ती बाई खालच्या वाडीतून डोक्यावर कळशी घेऊन चढण चढत होती, आणि वर गावभर विष घालणारी म्हणून नाव झालं होतं.

आम्ही पंचनामा केला, पाण्याचा नमुना सील करून तपासणीला पाठवला. बाईमाणसाचा जबाब तिच्या घरी जाऊन घ्यायचा, असा नियम. आमची महिला हवालदार निघणारच होती, तेवढ्यात ती बाईच कट्टा गावी एसटी बदलून ठाण्यात आली. पोलिसांची गाडी दारात नको, म्हणाली.

मी तिला दोन तास बसवून प्रश्न विचारले. विहिरीत काही टाकलंत का? होय, टाकलं. काय? शिंपल्यांचा चुना आणि तुरटी. इतकी सरळ कबुली मिळाली की पोलिसाला वाटतं, बाई काहीतरी मोठं झाकतेय. मी आवाज चढवला. ती ढिम्म हलली नाही. पाणी खराब झालं म्हणून सुधारायला जाळीतून टाकलं, एवढंच पुन्हा म्हणाली. मग लपून पहाटे का? तर दिराशी बोलणं नाही, दिवसा गेली असती तर त्याने अडवलं असतं. वास कसला असेल विचारलं, तर म्हणाली, "तो माझ्या म्हायराचो वास आसा." माहेर आरोंद्याचं, खाडीकाठी. तिथे नारळाची सोडणं काथ्यासाठी खाडीच्या चिखलात कुजत घालतात, तसाच वास. मी म्हटलं, काकी, तुमच्या वाडीपासून खाडी किती लांब आहे ते ठाऊक आहे ना? आणि जबाबात ते वाक्य घेतलंच नाही. ही माझी चूक, कबूल करतो.

हवालदार बाईंनी तिला पाणी दिलं. तिने पेला नाकाजवळ नेला आणि खाली ठेवला.

"साहेब, तुमच्या टाकीत काय तरी मेलेला आसा," ती म्हणाली. "आधी ता बघा."

मला राग आला. ठाण्यात येऊन ठाण्याच्याच पाण्याला नावं. तरी शिपायाला गच्चीवर पाठवलं. झाकण सरकलेलं होतं आणि आत कबुतर होतं, चांगलं आठ दिवसांचं. ते पाणी आम्ही सगळे पीत होतो. मला लाज वाटली. मी खुर्ची तिच्याजवळ ओढली आणि पहिल्यांदाच विचारलं, विहिरीचं पाणी कशाने बिघडलं असेल, ते शोधायचं कसं?

"माका ह्या कोणी इचारूकच नाय," ती म्हणाली, आणि मग सांगू लागली. तिचा नवरा चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, खाणीवर कामाला होता. चिऱ्याला आरपार भोकं असतात, एका जागचं पाणी दुसरीकडे निघतं. विहिरीत कुणी काही टाकलं असेल तर सगळं पाणी सारखं बिघडेल आणि उपसलं की संपेल. पण झऱ्यातून येत असेल तर उपसून काही होणार नाही, तो झराच शोधायला हवा.

दुसऱ्या दिवशी पंचांसमोर पंप लावून विहीर उपसली. गृहस्थ हाताची घडी घालून उभा. बरोबर डोक्यावर ऊन आलं तेव्हा काकी घरातून आरसा घेऊन आली, कपाटाच्या दाराचा असतो तेवढा. तिने आरशाने उन्हाचा कवडसा विहिरीत सोडला आणि भिंतीवरून हळूहळू फिरवला. आत कुणी उतरलं नाही, बॅटरी लागली नाही. पहिला झरा स्वच्छ, दुसरा स्वच्छ, तिसराही. चौथ्यावर कवडसा थांबला. चिऱ्यातून तपकिरी धार येत होती. तीस वर्षांच्या नोकरीत इतका नेटका तपास मी पाहिला नव्हता.

त्या झऱ्याच्या रेषेत वर चढत गेलो तर गृहस्थाच्या नव्या भिंतीआड जुनी चिरेखाण. तिच्यात पावसाचं पाणी साचलेलं आणि त्यात शेकड्याने सोडणं. पाहुण्यांना काथ्या वळून दाखवायचा म्हणून यानेच भिजत घातली होती. सोडणं खाडीतच कुजवतात, विहिरीच्या डोक्यावर नाही, हे त्याला मुंबईत कोण सांगणार? आणि भिंतीपलीकडचं काकीला कसं दिसणार?

गृहस्थ खाणीच्या कडेला बसला. काकीने मला बाजूला घेतलं. "पंचांका सांगा, गावात बोलू नकात म्हणान. तेका हयच रवाचा आसा." ज्याने तिला विष घालणारी ठरवलं, त्याला गावात राहता यावं म्हणून ती हे मागत होती. मी अधिकारी माणूस, पण तिच्याकडे बघून खरंच हात जोडावेसे वाटले.

पंचनामा खरा तोच लिहिला. तपासणीतही विष निघालं नाही, कुजलेल्या सोडणांची घाण तेवढी निघाली. खाण रिकामी केली, विहीर तीनदा उपसली, अर्ज निकाली काढला. मी कबुली मिळवायच्या मागे होतो. काकी कारण शोधत होती. आयुष्यभर चौकशा करून हा फरक मला निवृत्तीच्या तोंडावर कळला.

शेवटच्या सहीसाठी गेलो तेव्हा गृहस्थ तिच्या पायरीशी उभा होता, हातात तिचा दोर.

"वैनी, दोर," एवढंच म्हणाला.

"हय कित्याक आणलंस?" ती म्हणाली. "बावीर नेऊन बांध. आणि येताना कळशी भरून हाड, साहेब इलेहत."

तो विहिरीवर गेला. कप्पीचा आवाज आला. त्याने आणलेल्या कळशीतून काकीने पेला भरून माझ्या हातात दिला आणि मी, नकळत, आधी नाकाजवळ नेला. त्या सगळ्या प्रकरणात ती तेव्हा पहिल्यांदा हसली.